आजोबांची साहसकादंबरी पडद्यावर आणताना

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे बाकी वाचणाऱ्यांनाही धागा सापडेल. तुमच्या आजोबांनी सत्तरच्या दशकात मुलांसाठी दीडशे पानांची एक साहसकादंबरी लिहिली. मे महिन्याच्या सुट्टीत तीन शहरी भावंडं कोकणात आजोळी येतात, गावातल्या कोळ्याच्या मुलाशी त्यांची गट्टी जमते. समोरच्या छोट्या पाणकोटात, म्हणजे समुद्रातल्या किल्ल्यात, रात्री दिवा हलताना दिसतो आणि शेवटी चोरटं सोनं उतरवणारी टोळी सापडते. तुम्हाला यावर सगळ्या घराने एकत्र बसून बघावा असा सिनेमा करायचाय. निर्माता मिळालाय, पण त्याला गोष्ट आजच्या काळात हवी आणि 'मोठ्या प्रेक्षकासाठी' धाकट्या मावशीचा लव्ह ट्रॅक हवा. घरचे म्हणतात, आजोबांचा शब्द इकडचा तिकडे होता कामा नये. तुम्ही विचारलंय, ऐकू कुणाचं आणि सुरुवात कुठून करू?

सध्या कुणाचंच ऐकू नका. निर्मात्याला सिनेमा विकायचाय, घरच्यांना आजोबा जपायचेत, आणि दोघांपैकी कुणी पुस्तक नव्याने वाचलेलं दिसत नाही. ते तुम्ही वाचा, हातात पेन्सिल घेऊन.

प्रत्येक पानावर दोनच प्रकारच्या खुणा करायच्या. मुलांच्या बाबतीत काही घडलं की फुली. मुलांनी स्वतः काही ठरवून केलं की टिक. वादळ आलं, फुली. दोर तुटला, फुली. झुडपामागे लपले असताना चोरांचं बोलणं नेमकं कानावर पडलं, मोठी फुली. आजीला न सांगता होडी सोडायचं ठरलं, टिक. पुस्तक संपल्यावर बघाल तर फुल्याच जास्त निघतील. त्या काळच्या बहुतेक साहसकादंबऱ्यांचं असंच आहे आणि त्यात लेखकाचा दोष नाही. वाचताना आपण मुलाच्या डोक्यात बसलेले असतो, त्यामुळे त्याच्यावर काहीही येऊन आदळलं तरी ते साहसच वाटतं. पडद्यावर तेच मूल आपल्याला बाहेरून दिसतं. नुसतंच आदळत राहिलं तर पंधरा मिनिटांत ते बिचारं वाटायला लागतं, आणि बिचाऱ्या नायकाच्या मागे दोन तास कुणी जात नाही, लहान मुलं तर मुळीच नाहीत.

तेव्हा माझं सांगणं असं: फुल्या लागतील तितक्या कापा, टिका जिवापाड राखा. आणि जिथे फुली काढली तर गोष्टच अडते, तिथे त्या फुलीची टिक कशी होईल ते शोधा. मूळ पुस्तकाशी प्रामाणिक राहणं म्हणजे माझ्या लेखी एवढंच. बाकी प्रसंग, पात्रं, काळ, शेवट, सगळं वाटाघाटीचं आहे.

कापाकापी तर करावीच लागेल. पटकथेचं एक पान म्हणजे पडद्यावर साधारण एक मिनिट हा हिशेब ढोबळ असला तरी कामाचा आहे. घरातल्या सगळ्यांसाठीचा सिनेमा दोन तासांच्या आत बसलेला बरा, म्हणजे तुमच्या हातात एकशे दहा-पंधरा पानं. शिवाय अशा कादंबऱ्या बऱ्याचदा आधी मासिकात क्रमशः आलेल्या असतात. दर महिन्याला मूल पुढच्या अंकाची वाट बघत राहायला हवं, म्हणून प्रत्येक प्रकरणाच्या शेवटी एक धक्का. वीस प्रकरणं, वीस धक्के. सिनेमात एवढे धक्के एकापाठोपाठ लावले तर एकाचाही धक्का बसत नाही. पाच-सहा ठेवा, आणि ते मुलांच्या निर्णयातून आलेले ठेवा.

आता तुमच्याच सारांशातला एक प्रसंग घेतो, म्हणजे हे हवेत राहणार नाही. तुम्ही लिहिलंय की मुलं ओहोटीत चालत कोटात जातात, बघता बघता वेळ जातो, 'तेवढ्यात भरती लागते' आणि ती अडकतात. त्याच रात्री चोरांची होडी येते. कोट ओहोटीत पायी गाठता येतो हे फार छान आहे. अलिबागच्या कुलाबा किल्ल्यात लोक जातात तसंच, त्यामुळे प्रेक्षकाला पटवून द्यावं लागणार नाही. पण 'तेवढ्यात' हा शब्द म्हणजे फुली. आणि ही फुली तर नेमकी इंटरव्हलच्या जागी येऊन बसलीय.

कोकणात भरतीची वेळ काढायचा जुना हिशेब आहे, तिथीची पाऊणपट. चतुर्थी असेल तर चार पाऊण तीन, म्हणजे तीनच्या सुमाराला पूर्ण भरती. तिथून सव्वासहा तासांच्या आसपास पूर्ण ओहोटी. मिनिटाला मिनिट जुळत नाही, पण किनाऱ्यावरच्या माणसाला पुरतो. आता गोष्ट अमावास्येला ठेवा. ती पंधरावी तिथी, पंधरा पाऊण सव्वाअकरा. रात्री सव्वाअकराला भरती, म्हणजे संध्याकाळी पाच-साडेपाचला ओहोटी. अमावास्येचं उधाण असल्याने पाणी ओसरतंही लांबवर आणि चढतंही खूप. मुलं पाचला उजेडात चालत कोटात जातील. सातच्या आत वाट पाण्याखाली. मग अंधार, चंद्र नाही, आणि अकराच्या सुमाराला तटाला होडी लागेल इतकं पाणी. चोरही हाच हिशेब करून येणार, कारण त्यांनाही अंधार आणि पाणी दोन्ही हवंय. पुढची ओहोटी पहाटे साडेपाच-सहाला. तोवर सुटका नाही.

म्हणजे जे पुस्तकात योगायोगाने घडत होतं, ते नुसत्या पंचांगाने बांधलं गेलं. पण अजून टिक झालेली नाही. टिक व्हायला मुलांपैकी एकाला हा हिशेब माहीत असायला हवा. तो मधल्या मुलीला द्या. तुमच्या सारांशात ती बॅटरी धरते आणि डबे भरते, यापलीकडे तिला काम नाही. त्या काळच्या पुस्तकांत मुलींच्या वाट्याला तेवढंच येई. आजीने तिला पहिल्या दहा मिनिटांत पाऊणकी, म्हणजे पाऊणपटीचा पाढा, शिकवावी, सुपारी कातरताना, सहज, 'आमच्या वेळी पाठ करायला लागायची' अशा थाटात. प्रेक्षकाला वाटेल, चला, आजीचं दळण. मग कोटात ताज्या तेलाचा कंदील आणि ओल्या दोराचं वेटोळं सापडतं. साडेसहा वाजलेत. ती सांगते, आत्ता निघालो तर गुडघाभर पाण्यातून जाऊ, पाव तास थांबलो तर उद्या सकाळपर्यंत इथेच. आता निघालं तर सकाळी इथे काही उरणार नाही, गावात कुणी विश्वास ठेवणार नाही. थांबलं तर रात्र कुणासोबत काढायची ते कंदीलच सांगतोय. धाकटा रडायच्या बेतात आहे. आणि ती थांबतात. हा तुमचा इंटरव्हल. भरती तीच, कोट तोच, मुलं तशीच अडकली, पण आता ती स्वतःहून अडकलीत.

याच हिशेबातून मोठ्यांची गोष्टही निघते, म्हणून निर्मात्याच्या लव्ह ट्रॅककडे येतो.

'फॅमिली फिल्म' म्हटलं की आपल्याकडे समज असा की पोरांसाठी धावपळ आणि आईबापांसाठी प्रेमप्रकरण, दोन विनोदी नोकर, एक आयटम न वाटणारं आयटम साँग. वेगवेगळ्या गिऱ्हाइकांसाठी वेगवेगळ्या पुड्या. यात प्रत्येक जण पाऊण सिनेमा दुसऱ्याची पुडी संपायची वाट बघत बसतो. मोठ्यांना गुंतवायचं असेल तर त्यांना मुलांच्याच गोष्टीत काळजी करायला जागा द्या. संध्याकाळचे सात वाजलेत, मुलं घरी नाहीत. आजी भिंतीवरचं कॅलेंडर बघते, घड्याळ बघते, समुद्राकडे बघते. तिला कुणी काही सांगायची गरज नाही. हिशेब तिनेच शिकवलाय, तेव्हा पोरं पहाटेपर्यंत परतत नाहीत हे तिला कळून चुकलंय. थिएटरमधली प्रत्येक आई या क्षणी तुमची झाली. मावशीचं लग्न जमवायची गरजच उरली नाही.

आता पुढचा प्रश्न, आणि रूपांतरात याच्याइतकं महत्त्वाचं दुसरं काही नसेल: प्रेक्षकाला काय माहीत असावं आणि केव्हा? तुमच्या पुस्तकात गावचे प्रेमळ मास्तरच टोळीचे सूत्रधार निघतात, शेवटून दुसऱ्या प्रकरणात. वाचताना हे छान लागतं. पडद्यावर चालेलच असं नाही.

इथे सत्यजित राय यांच्या 'सोनार केल्ला'चं उदाहरण अभ्यासण्यासारखं आहे, कारण लेखक, पटकथाकार, दिग्दर्शक तिन्ही एकच माणूस. कादंबरी १९७१ची, सिनेमा १९७४चा, पैसा पश्चिम बंगाल सरकारचा. कोलकात्यातला मुकुल नावाचा मुलगा गेल्या जन्मातल्या सोन्याच्या किल्ल्याबद्दल बोलतो. परामानसशास्त्राचे डॉक्टर हाजरा त्याला घेऊन राजस्थानात जातात, गुप्तधनाच्या वासाने दोन भामटे मागे लागतात, आणि त्यांच्या मागावर गुप्तहेर फेलूदा. कादंबरी फेलूदाचा चुलतभाऊ तोपशे सांगतो. त्यामुळे त्याला जेवढं कळतं तेवढंच आपल्याला, आणि डॉक्टर म्हणून वावरणारा माणूस तोतया आहे हे शेवटी फुटतं. सिनेमा करताना रायांनी हे गुपित मुद्दाम फोडलं. जयपूरच्या नाहरगडावर भामटे खऱ्या डॉक्टरांना कड्यावरून ढकलून देतात आणि त्यांच्यातला एक डॉक्टरांचं नाव घेऊन वावरायला लागतो, हे आपल्याला पूर्वार्धातच समोर दिसतं.

याने काय साधलं बघा. कादंबरीतला प्रश्न होता, गुन्हेगार कोण? सिनेमातला प्रश्न झाला, या मुलाचा हात धरून चाललेला माणूस कोण आहे हे फेलूदाला कळणार कधी? पहिल्या प्रश्नात प्रेक्षक कोडं सोडवत असतो, दुसऱ्यात जीव मुठीत धरून बसतो. कोडं एकदा सुटलं की संपतं. काळजी दुसऱ्यांदा बघतानाही लागते. आणि पुस्तक आधीच वाचलेल्या हजारो बंगाली पोरांना सिनेमात नवं काय, याचंही उत्तर मिळालं. गुपित शेवटपर्यंत ठेवण्यात आणखी एक तोटा असतो, तो पटकथाकाराला ठाऊक असतो. शेवटी कुणीतरी उभं राहून 'पहिल्या दिवशीच मला संशय आला होता' असं दहा मिनिटं समजावून सांगावं लागतं. पानावर ते चवीने वाचतात. थिएटरात त्याच वेळी लोक चपला शोधायला लागतात.

तुमच्या गोष्टीत हे लावून बघा. मास्तर टोळीतले आहेत हे प्रेक्षकाला पस्तिसाव्या-चाळिसाव्या मिनिटाला दाखवून टाका. मुलांना माहीत नाही, आजीला माहीत नाही. मग इंटरव्हलनंतर आजी रात्रीची कंदील घेऊन निघते आणि कुणाचं दार ठोठावते? मास्तरांचं. 'मास्तर, पोरं कोटात अडकलीत, होडी घेऊन जायला हवं.' या एका वाक्याने तिने मुलांचा ठावठिकाणा नेमक्या चुकीच्या माणसाला सांगितला. आणि मास्तरही पूर्ण काळे करू नका. त्यांना क्षणभर खरंच घाम फुटायला हवा, कारण मुलं त्यांच्या ओळखीची आहेत. हा प्रसंग पुस्तकात नाही. तरीही तो आजोबांच्याच पुस्तकातून निघालाय असं मी म्हणेन.

काळाचा मुद्दा. निर्माता म्हणतो गोष्ट आजची करा. करता येईल, पण मग गुन्हा बदलावा लागेल, नुसत्या मुलांच्या हातात मोबाईल देऊन भागणार नाही. आजोबांच्या काळात किनाऱ्यावर चोरून सोनं का उतरत होतं? १९६८च्या सुवर्ण नियंत्रण कायद्याने सोन्याच्या लगडी, बिस्किटं सामान्य माणसाने बाळगण्यावरच बंदी होती. देशातला भाव आणि बाहेरचा भाव यात मोठी तफावत, त्यामुळे आखातातून सोनं गलबतांनी यायचं आणि कोकणची खाचखळग्यांची किनारपट्टी त्याला सोयीची होती. तो कायदा १९९० साली रद्द झाला. सोन्याची तस्करी आजही होते, पण बातम्या वाचा, ती विमानतळावर पकडली जाते. आजच्या काळात अमावास्येच्या रात्री पाणकोटात बिस्किटं उतरवणारी टोळी दाखवलीत तर आठवीतला मुलगाही विचारेल, हे लोक असा द्राविडी प्राणायाम का करतायत?

माझं मत विचाराल तर काळ तोच ठेवा, १९७०-७५. कारण स्मरणरंजन नव्हे. जुन्या एसटी, रॉकेलचे दिवे, चड्डीतली पोरं दाखवून 'गेले ते दिवस' करण्यात मला रस नाही, आणि मुलांना तर अजिबात नसतो. कारण एवढंच की त्या काळात या गोष्टीतला प्रत्येक अडथळा खरा आहे. मुंबईला असलेल्या वडिलांना कळवायचं तर पोस्टात जाऊन ट्रंक कॉल लावायचा आणि तो लागेपर्यंत ताटकळायचं. कोकण रेल्वे नाही, ती पूर्ण सुरू झाली १९९८ला. आईवडील गोष्टीत नाहीत याचं कारण वेगळं शोधावं लागत नाही. मुलांच्या साहसकथेत आईबापांना बाजूला करणं हे पहिलं तांत्रिक काम असतं, आणि इथे ते भूगोलाने केलंय.

पण निर्माता अडूनच बसला आणि गोष्ट आजची करावी लागली, तर एक पथ्य पाळा. 'इथे रेंज येत नाही' हे वाक्य कुठल्याही पात्राच्या तोंडी घालू नका. फोन आहे म्हणून गोष्ट मरते असं नाही. एरिश केस्टनरच्या १९२९च्या जर्मन कादंबरीत, 'एमिल आणि गुप्तहेर'मध्ये, बर्लिनमधली पोरं चोराचा पाठलाग करतात तेव्हा एक धाकटा मुलगा दिवसभर घरी टेलिफोनपाशी बसून राहतो. बाहेरची पोरं त्याला फोन करतात, तो निरोप इकडून तिकडे पोचवतो. सगळी मजा बाहेर चाललेली आणि हा जागचा हलत नाही. फोनमुळे तिथे एक अख्खं पात्र उभं राहिलं. मोबाईलचाही असाच उपयोग शोधा: कुणी कुणाला काय कळवायचं आणि काय लपवायचं, हा आजच्या मुलांचा रोजचा निर्णय आहे.

त्याच कादंबरीतली आणखी एक गोष्ट सांगायचा मोह आवरत नाही. एमिल आजीसाठी आईने दिलेले पैसे घेऊन रेल्वेने निघालाय. ते पडू नयेत म्हणून तो नोटा टाचणीने कोटाच्या अस्तराला टोचून ठेवतो. गाडीत त्याला झोप लागते, नोटा चोरीला जातात. शेवटी चोर बँकेत सापडतो तेव्हा नोटा कुणाच्या हे सिद्ध होतं ते त्या टाचणीच्या भोकांमुळे. काळजीपोटी मुलाने केलेली एक छोटी कृती, तीच शेवटी पुरावा. १९३१ साली त्यावर सिनेमा झाला, पटकथा पुढे हॉलिवूडमध्ये नाव कमावलेल्या, तेव्हा तरुण असलेल्या बिली वाइल्डरची. त्यात चोर मुलाला गुंगीची गोळी देतो. पुस्तकात मुलाला आपोआप झोप लागते. म्हणजे फुलीची कृती केली, फक्त ती खलनायकाच्या हातून. हेही चालतं. तुमच्या पुस्तकात अशी टाचणी आहे का बघा. बहुतेक असतेच, लेखकाने ती सहज टाकलेली असते आणि पुढे विसरलेला असतो.

मराठीत लोक हटकून उदाहरण देतात ते 'फास्टर फेणे'चं. २०१७चा तो सिनेमा, दिग्दर्शक आदित्य सरपोतदार, पटकथा क्षितिज पटवर्धन, नायक बनेश ऊर्फ फास्टर फेणेच्या भूमिकेत अमेय वाघ. भा. रा. भागवतांच्या पुस्तकांतला बनेश शाळकरी आहे, फुरसुंगीहून पुण्यात शिकायला आलेला. सिनेमात तो वैद्यकीय प्रवेशपरीक्षेला बसलेला तरुण झाला, प्रवेशपरीक्षेच्या घोटाळ्याची नवीच गोष्ट रचली गेली, आणि खुद्द भागवतांनाच पात्र म्हणून आणलं, दिलीप प्रभावळकरांच्या रूपात. ही युक्ती मला आवडली. लेखक पडद्यावर असल्याने जुन्या वाचकाची 'हा आमचा फेणे नव्हे' ही तक्रार पुष्कळशी निवते. पण तुमच्यासाठी ते उदाहरण फसवं आहे. फेणेची वीस पुस्तकं, वाचकाच्या लक्षात राहिलाय तो पोरगा, त्याची सायकल आणि त्याचं 'ट्टॉक'. अशा वेळी माणूस उचलायचा आणि गोष्ट नवी घालायची हे जमतं. तुमचं पुस्तक एकटं आहे. वाचणाऱ्याला त्यातली मुलं आठवणार नाहीत, कोट आणि हलणारा दिवा आठवेल. तेव्हा मुलं बदलली तर चालतील, कोट बदलून चालणार नाही. शिवाय नायक तरुण झाला की साहसकथेचा गुन्हेपट होतो. तो चांगला होऊ शकतो, पण मग आठ वर्षांच्या मुलाला कुणाच्या जागी बसवायचं?

पात्रांबद्दल थोडं. तुमच्याकडे चार मुलं आहेत आणि सारांशात तरी चौघं एकाच आवाजात बोलतात. मोठा मुलगा पुढारी, धाकटा खादाड, मुलगी समजूतदार, आणि कोळ्याचा मुलगा होडी वल्हवायला. हा शेवटचा मला खटकतो. समुद्र त्याचा, कोट त्याचा, धोका सर्वांत जास्त त्याला, कारण टोळीतल्या एखाद्या होडीवर त्याचाच काका असू शकतो. ही शक्यता आजोबांनी लिहिली नसेल, पण त्यांच्या गावात ती होतीच. शहरी पोरांना सुट्टी संपली की परत जायचंय. याला तिथेच राहायचंय. पोलिसांना सांगायचं की नाही, हा निर्णय खरं तर एकट्याचा आहे, त्याचा. पटकथा माझ्याकडे असती तर शेवट मी त्याच्या हातात दिला असता. आणि त्याची बोली पुस्तकी ठेवू नका. गाव कुठल्या तालुक्यातला ते ठरवा आणि तिथल्या माणसाकडून संवाद तपासून घ्या. रत्नागिरीकडची बोली आणि मालवणी यांची खिचडी कोकणातला प्रेक्षक लगेच पकडतो.

निवेदनाचं लवकर उरकतो. पुस्तक धाकट्याच्या तोंडून असेल तर व्हॉइसओव्हर सुरुवातीला आणि शेवटी, एवढाच. मध्ये मध्ये तो भावना समजावून सांगायला लागला की एडिटर ते निवेदन काढतोच. गाणी दोन पुरेत.

आता लिहितानाच डोक्यात ठेवायला हव्यात अशा निर्मितीच्या गोष्टी. बालकामगार कायद्याची २०१६ची दुरुस्ती आणि २०१७चे नियम यांनुसार बालकलाकाराला दिवसाला पाच तासांहून जास्त काम देता येत नाही, सलग तीन तासांनंतर विश्रांती द्यावीच लागते, ओळीने २७ दिवसांपलीकडे काम नाही, जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते, पाच मुलांमागे निदान एक जबाबदार माणूस सेटवर लागतो, आणि मिळकतीचा निदान वीस टक्के भाग मुलाच्या नावे मुदतठेवीत टाकावा लागतो. युनिटची शिफ्ट बारा तासांची, मुलं पाच तासांची. तुमच्या पटकथेत प्रत्येक सीनला चारही मुलं असतील तर रोज निम्मा दिवस युनिट बसून राहील आणि लाइन प्रोड्यूसर, म्हणजे रोजच्या खर्चाचा आणि वेळापत्रकाचा हिशेब ठेवणारा माणूस, पहिल्याच बैठकीत सीन उडवायला लागेल. म्हणूनही आजी आणि मास्तरांचे स्वतंत्र सीन हवेत. उरलेल्या तासांत ते चित्रित होतात. कोटातली रात्र तर मुलांना जागवून चित्रित करायचीच नाही असं धरून चाला. बुरुजाच्या आतले सीन दिवसा काळे पडदे लावून करायचे, बाहेरचे 'डे फॉर नाइट', म्हणजे दिवसा चित्रित करून रात्रीसारखे दाखवायचे, आणि होडी, कंदील, पाणी यांचे लांबचे शॉट्स मुलांविना रात्री. हे आधी ठाऊक असलं तर लिहितानाच रात्रीचा बराच भाग आत घेता येतो. एका अंधाऱ्या कोठारात चार मुलं आणि बाहेरून नुसते आवाज: स्वस्तही पडतं आणि भीतीही जास्त वाटते.

किल्ल्याचं बघून ठेवा. सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग, सिंधुदुर्ग हे केंद्राच्या पुरातत्त्व खात्याकडे आहेत, २०२५पासून जागतिक वारसा यादीतही. तिथे चित्रीकरणाला परवाना लागतो आणि मशाली, धूर, भिंतीला खिळा असले लाड चालत नाहीत. बाहेरून खरा कोट, आतून सेट, असं लिहिलंत तर सगळ्यांचं आयुष्य सोपं होईल. आणि गोष्ट मेमधली असली तरी मुलांच्या परीक्षा आणि पावसाचं गणित घालून शूटिंग बहुधा डिसेंबर-जानेवारीत होतं. तेव्हा आंब्याला मोहोर असतो. झाडावर पिकले आंबे दाखवणारा सीन लिहाल तर कला विभाग तुम्हाला मनोमन शिव्या देईल.

सेन्सॉरचं सर्टिफिकेटही पहिल्या ड्राफ्टपासून मनात असू द्या. यू म्हणजे सगळ्यांसाठी, यूए म्हणजे मुलांनी पालकांच्या मार्गदर्शनाखाली बघायचा; २०२३च्या दुरुस्तीनंतर यूएचे ७+, १३+ आणि १६+ असे भाग झालेत. सगळ्या घराला न्यायचं तर यू किंवा फार तर यूए ७+ हवं. मुलाच्या गळ्याला सुरा लावलेला एक शॉट तुम्हाला वर ढकलू शकतो, आणि तो शॉट तसाही आळशी असतो.

शेवटचं, खरं तर सर्वांत आधी करायचं काम म्हणजे हक्क. तुम्ही लिहिलंय की आजोबा २००८ साली गेले. आपल्या कायद्यात लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षं कॉपीराइट टिकतो, म्हणजे २०६८ अखेरपर्यंत तो वारसांकडे आहे. वारस म्हणजे तुम्ही एकट्या नाही. आई, दोन्ही मामा, सगळ्यांच्या सह्या लागतील, आणि 'एक शब्द बदलायचा नाही' म्हणणारे मामा त्यातच असणार. त्यांच्याशी आत्ताच बोला, सिनेमा अर्धा झाल्यावर नको. प्रकाशकाबरोबरचा जुना करार शोधा. त्याला फक्त पुस्तक छापायचे हक्क दिले होते की रूपांतराचेही, हे त्यावरच कळेल. निर्मात्याशी करार लेखी हवा, आणि त्यात मुदत व प्रदेश स्पष्ट घाला. मुदत लिहिली नाही तर कायदा ती पाच वर्षं धरतो, प्रदेश लिहिला नाही तर फक्त भारत. हक्क घेऊन वर्षभरात वापरले नाहीत तर ते संपुष्टात येतात, करारात वेगळं लिहिलेलं नसेल तर. निर्मात्याचा वकील ते वेगळं लिहिणारच, तेव्हा ते कलम नीट वाचा. दुसरा भाग आणि वेब सिरीजचे हक्क आत्ताच एकगठ्ठा देऊन टाकू नका. 'कथा' या श्रेयात आजोबांचं एकट्याचं नाव राहील हे करारातच घाला. पटकथेत तुमचं येऊ दे.

मामांना पटवायला माझ्या या उत्तराचा उपयोग होणार नाही. त्यांना पेन्सिलने खुणा केलेली पुस्तकाची प्रत दाखवा, टिका मोजून दाखवा, आणि मग त्यांच्यासमोर दहा-बारा पानांची वन-लाइन, म्हणजे प्रसंगवार आराखडा, ठेवा, ज्यात त्यातली प्रत्येक टिक सापडेल. तीच वन-लाइन पटकथालेखकांच्या संघटनेकडे, स्क्रीनरायटर्स असोसिएशनकडे, रजिस्टर करा आणि त्यानंतरच निर्मात्याच्या ऑफिसात पाऊल टाका. लव्ह ट्रॅकचा विषय त्याने काढलाच, तर त्याला आजी आणि मास्तरांच्या दारातला सीन वाचून दाखवा आणि विचारा, या जागी मावशी नेमकी कुठे बसवायची.